क्षम्य चूक

सोमवार. साडेसहा. दूधवाला येऊन गेला.
पलंगाखालून पायाने ओढून काढलाय काटा,
काळ्या काचेचा, पाटाएवढा,
हेतलने मागवलेला.
मी त्याच्याकडे बघतो. तो बघत नाही.
पाय पडेपर्यंत झोपून असतो म्हणे.

एकतीस वर्षं तोलमाप खात्यात काढली.
खंडेराव मार्केटला माझी स्कूटर वळली
की पारड्यांखालची चिंच, मेण, लोहचुंबक
पटापट पदराआड जायचं.
पेटीत माझी प्रमाणित वजनं,
पितळेची, मखमलीच्या खळग्यांत.
उघड्या बोटांनी त्यांना कधी शिवलो नाही.
बोटाच्या घामालाही वजन असतं,
हे नव्या पोरांना मीच शिकवायचो.

आणि आता विचार करतोय
चष्मा काढावा का.
घड्याळ काढलंच आहे. बनियनही.
जानवं? त्याचे किती, तीन ग्रॅम?
रात्री पाणी मुद्दाम कमी प्यालो.
शनिवारी नखं कापली
(ती वजनासाठी नव्हती, असं मी जबानीत सांगेन).

पाच आठवडे झाले.
डॉक्टर मजमुदार म्हणाले होते, आठ किलो,
जणू बटाटेच आणायला पाठवतायत.
पाच आठवडे लीलो चेवडो नाही,
सेव-उसळीची गाडी आली की मी पलीकडच्या फुटपाथवर.
सूरसागरला रोज तीन फेऱ्या,
चौथीला गुडघा नाही म्हणतो.
पट्टा एक भोक आत आलाय.
आकडा म्हणाला, छे, तू आहेस तिथेच आहेस,
तर त्या भोकाचं काय करायचं?

जमनाबेन आठवते.
भेंडीवाली. किलोमागे चाळीस ग्रॅम मारायची.
पावती फाडत होतो तेव्हा भांडली नाही, रडली नाही,
ओले हात पुसत म्हणाली,
"दिघेसाहेब, तमे पोते कोई दि कांटा पर चढ्या छो?"
मी हसलो होतो.
खाली तारीख घालून सही केली होती.

उठतो. कपाटाच्या तळातून
दहा किलोचं बिडाचं वजन काढतो,
निवृत्तीला कुणी तरी गमतीने दिलेलं.
बुडाशी शिसं, शिशात माझाच शेवटचा ठसा.
उचलताना कंबर बोलते.
हे एवढं?
याहून थोडंसंच कमी अंगावर घेऊन
बारा वर्षं मी हे जिने चढतोय?

काटा जागा होतो. शून्य. मग
नऊ पूर्णांक आठ.
पुन्हा ठेवतो. नऊ आठ.
तिसऱ्यांदा. नऊ आठ.
खरा नाही, पण आपल्या खोट्याला धरून आहे.
नोकरीत असतो तर दोन मिनिटांत जप्त,
हेतलसकट.
इथे पावती कुणाच्या नावाने फाडू?
बिचारा माझ्याच बाजूने खोटं बोलतोय,
दहामागे दोनशे,
म्हणजे माझ्या देहाला पावणेदोन किलोची सूट.
क्षम्य चुकीची मर्यादा मला पाठ आहे.
ही तिच्या फार बाहेर आहे.
तरी क्षणभर
उजवा पाय उचलला गेलाच.

दारावर टकटक. "पप्पा, वजन केलं?"
"केलं."
"किती?"
"दहा किलो."
बाहेर शांतता. मग बांगड्या,
मग चहाचं भांडं जरा जोरात.

बिडाचं वजन काट्यावर तसंच राहू दे.
आकडा आपोआप विझला, ते मात्र बसून आहे.
बनियन, चष्मा. पट्टा आतल्या भोकात.
सूरसागरच्या कठड्यावर ऊन यायच्या आत
निघायला हवं.
डावा बूट सापडलाय.