एका 'व'चा निवाडा

प्रकरण क्रमांक राहू दे.
पानं एकशे बारा, जोडपत्रं अ ते ठ,
आणि भांडण एका अक्षराचं.

अर्जदार: वावीकर आणि मंडळी, भांडी बाजार, नाशिक.
तांब्या-पितळेचा धंदा, चौथी पिढी,
नोंदलेलं चिन्ह कळशीचं, तिच्या पोटावर नाव,
इंग्रजीत 'व्ही'नं सुरू होणारं.
गैरअर्जदार: निनाद वावीकर, वय सव्वीस, राहणार सिन्नर.
त्यानं इंटरनेटवर घेऊन ठेवलेलं नाव
'डब्ल्यू'नं सुरू होतं.
पुढे सगळं तेच.

मी लवाद. एकटीच.
सुनावणी नाही, साक्षीदार नाहीत,
पुकारा करणारा पट्टेवाला नाही.
गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर
चष्मा पुसून मी दोन्ही नावं मोठ्यानं वाचते.
वावीकर.
वावीकर.
स्वयंपाकघरातून कुसुमताई विचारतात,
कोण आलंय?

आमच्या बाराखडीत हे भांडण उभंच राहत नाही.
'वा' म्हणताना ओठ गोल होतात,
'वी' म्हणताना दात ओठाला टेकतो,
एकाच आडनावात दोन्ही पक्षकार
शेजारी शेजारी बसलेले.
पण हे कारण निवाड्यात चालत नाही.

कायदा तीन प्रश्न विचारतो.

नावं गोंधळ व्हावा इतकी सारखी आहेत का?
कुसुमताईंना विचारा.

त्याचा या नावावर काही हक्क?
रेशन कार्ड जोडलंय, दहावीची गुणपत्रिका,
आणि उत्तराच्या शेवटी एक ओळ:
"मॅडम, आडनाव मी डाउनलोड केलेलं नाही."
ती मी पेन्सिलीनं अधोरेखित केली,
मग खोडली. लवादानं हसू नये.

हेतू शुद्ध होता का?
इथे जोडपत्र ज. त्याचीच ईमेल,
रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी:
"आठ लाख द्या, नाव घ्या.
दिवाळीआधी दिलेत तर सात."
आणि त्या पत्त्यावर ना भांडं, ना भाव.
"लवकरच येत आहोत" एवढंच,
तीन वर्षं.

संपलं होतं खरं तर.
पण जोडपत्र ठ वाचायचं राहिलं होतं.
एकोणीसशे एकाहत्तरचं वाटणीपत्र, दोघा भावांचं,
कागद घडीवर फाटलेला.
कळश्या मोजल्यात, घंगाळं मोजलीत,
तराजू, गादी, ऐरण, तीन हातोडे,
मोडीचं तांबं साडेसहा मण.
दुकान थोरल्याला. सिन्नरची जागा धाकट्याला.
नाव कोणाला, ते लिहायचं राहिलं.
तेव्हा ते मोजायच्या वस्तूंत नव्हतं,
कोणी तराजूत घालून पाहिलं नव्हतं.

हे माझ्या अधिकारात येत नाही.
परिच्छेद एकोणीसमध्ये मी तसं लिहिलं,
आणि विसाव्यात:
नाव अर्जदाराकडे वर्ग करावं.
खर्चाबाबत आदेश नाही.
सही केली. माझं नाव
इंग्रजीत कसं लिहितात,
क्षणभर थांबून आठवावं लागलं.

महिन्याभरानं भाचीच्या लग्नासाठी
तांब्या घ्यायला बाजारात गेले.
वावीकरांकडे नाही, ते बरं दिसलं नसतं.
शेजारच्या दुकानात.
पायरीवर नावं घालणारा बसला होता,
मांडीवर फडकं, कानाला पेन्सिल,
विजेची सुई गुणगुणत.
पूर्वी पंगतीला भांडी गावभर जायची,
परत यायची ती या सुईच्या भरवशावर.
हाही निवाडाच. आमच्यापेक्षा स्वस्त,
अक्षराला चार रुपये.

"काय नाव घालू?"
वैदेही, म्हटलं.
"आडनाव?
माहेरचं की सासरचं?"

अठ्ठेचाळीस दिवसांत निकाल देणारी मी
तिथे उभी राहिले, पर्स छातीशी धरून.
मागे दोन गिऱ्हाइकं.
त्यानं तांब्या फडक्यावर आडवा धरला होता,
आणि सुई
पत्र्यापासून बोटभर वर
नुसतीच चालू होती.