दोन ठिपके वगळून

इलियासनं डिस्क रुमालात बांधून आणली,
भाकरी आणावी तशी.
मॅडम, अब्बांच्या स्टुडिओची आहे,
चौबाऱ्यापाशी होता बघा, नूर फोटो.
अहमदपूरच्या भाच्यानं लिनक्स टाकून दिलतं,
आता माऊसनं उघडायला गेलं की
कॉम्प्युटर मांडी घालून बसतो, उठतच नाही.
फोटो किती आहेत, तेवढं मोजून द्या.

म्हटलं, माऊस राहू दे. सीमध्ये लिहू.
पॉलिटेक्निकच्या पोरांना दरवर्षी शिकवते हे.
ओपनडिरला पत्ता द्यायचा.
तो आतलं काही काढून देत नाही,
दाराची कडी देतो हातात.
कडी धरून रीडडिर म्हणायचं,
एकदा म्हटलं की एक नाव.
नावच. चेहरा नाही.
आणि क्रम कसला विचारू नका,
गाठोडं सुटंल तसं.

थांबायचं कधी, इलियासनं विचारलं.
नल आला की.
तो हसला.
उदगिरात ह्याला हसणारच माणूस,
आमच्या गल्लीत नळ येतो नवव्या दिवशी,
तोही रात्री दोनला, चोरासारखा.

पहिल्यांदा चालवलं तर पडद्यावर
ठिपका, तिरपी रेघ, ठिपका, तिरपी रेघ,
पत्ता लांबतोय, लांबतोय,
शेवटी कुरकुर: नाव फार लांब झालं.
बावीस वर्षं शिकवते आणि विसरले.
डिरेक्टरी रिकामी असली तरी
दोन नावं तिच्यात आधीच बसलेली असतात.
एक ठिपका म्हणजे ती स्वतः.
दोन ठिपके म्हणजे तिला पोटात घेतलेली.
ती वगळली नाहीत तर प्रोग्राम
स्वतःच्याच दारातून स्वतःत शिरत राहतो.

मग सगळ्यात वरच्या डिरेक्टरीचं काय, इलियास म्हणाला,
तिचे दोन ठिपके कुणाकडं जातात?
तिच्याकडंच.
तिच्या वर कुणी नसतं.

त्यावर तो गप्प झाला.
चाळिसावा होऊन आठच दिवस झाले होते.

दोन स्ट्रिंग-तुलना घातल्या, पुन्हा चालवलं.
लग्न_निलंगा. दहावी_फॉर्म. मयत.
देवणी_वळू, त्यात एकाच वळूचे
नव्वद फोटो, वशिंड डावीकडून, वशिंड उजवीकडून.
दहावी_फॉर्म_नवीन. दहावी_फॉर्म_खरं_नवीन.
अब्बा हसू नका म्हणायचे गिऱ्हाइकाला, इलियास म्हणाला,
आणि स्वतःच हसायचे पडद्याआड.

मग एक नाव आलं, घर.
ओपनडिर तिथून रिकाम्या हातानं परतला.
परवानगी नाही.

म्हटलं, मालकाची किल्ली आहे माझ्याकडं,
एक ओळ टाकली की उघडंल.
त्यानं रुमालाची घडी घातली,
मोडली, परत घातली.
मोजणीत धरू नका ते, मॅडम.
म्हणजे शून्य लिहू?
शून्य कसं? शून्य नाही.
नुसतं धरू नका.

सीमध्ये ह्याला शब्द आहे, कंटिन्यू.
लिहिला.

मोजणी चालू असतानाच
शेजारच्या मैमूनबीनं जिन्यातून हाक दिली, नळ आलाऽऽ
भर दुपारी, सातव्याच दिवशी!
मी ड्रम धरला, इलियासनं न सांगता दोन कळश्या.
पाइप निसटला, आम्ही दोघं भिजलो,
तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

परत आलो तर पडद्यावर आकडा थांबलेला:
एकसष्ट हजार तीनशे अठरा.
इलियासनं तो तळहातावर पेनानं लिहिला,
हात ओलाच होता, आठ फिसकटला.

तो गेल्यावर मला शंका.
रीडडिरचा नल दोन कारणांनी येतो,
सगळं वाचून झालं म्हणून,
किंवा आत काहीतरी मोडलं म्हणून.
कळावं यासाठी एररनो आधी शून्य करून ठेवायचा असतो.
केला होता का मी? आठवेना.

आणि क्लोजडिर तर राहूनच गेलेला.
प्रोग्राम संपला की दारं मिटतात आपोआप, खरं आहे.
पण पोरांचे मी ह्यासाठी दोन मार्क कापते.