शेजारचं पीस

डेलफिना ओरोस्को त्याला मुठीत धरते,
मूठ कसली, दोन बोटांची चिमूट.
मॉन्टेरेचं धुकं अजून जाळ्यावर.

पाठ हिरवी. अ‍ॅलन, मी घाईनं म्हणतो.
ती मान हलवते. रूफसही एखादा
हिरवा कोट घालून हिंडतो, म्हणते.

फुंकर. भिंग. शेपटीतलं
मधलं नव्हे, त्याच्या शेजारचं पीस:
टोकाशी खाच,
नखानं पान खुडावं तशी.

"रूफस. अलास्का लांब आहे, धर, सोड."

मग वहीत लिहिता लिहिता,
"आई आम्हां जुळ्या बहिणींना
कानामागच्या तिळावरून ओळखायची.
शेवटी तीळ कुणाला, हेच विसरली."

मी बोटं उघडतो. तो हलत नाही.
तळहातावर तीन ग्रॅम धडधड,
तिची शाई वाळेपर्यंत.

मग नुसता तळहात.