पासंग

बसवरची संकेश्वरची पाटी मला वाचता येते.
तेवढीच येते खरं तर; ती, गोकाकची,
आणि दुकानावरचं "औषध".
तंगेव्वानं शिकवली होती ही अक्षरं
निपाणीच्या वखारीत, जेवणाच्या सुट्टीत,
तंबाखूच्या भुकटीत काडीनं ओढून.
"गोल काढ. वर टोपी घाल. झाला र."
मी आपला र काढून दाखवला
तर वाकून बघत म्हणाली,
"ह्यो का मान खाली घालून उभारलाय, हौसक्का?
कुणाला भ्यालाय?"

सव्वीस वर्षं झाली.

चाळीस बायका तंबाखू चाळायचो,
नाकावर पदर, पदरावर धूळ.
एक शिंकली की ओळीनं सगळ्या,
आणि मुकादम ओरडायचा,
शिंकण्यावर नाही, नंतरच्या हसण्यावर.
संध्याकाळी काटा. किलोवर मजुरी.
त्या दिवशी तंगेव्वानं पोतं उतरवलं नाही.
त्यावर हात ठेवून उभी राहिली.
"तूक सरी इल्ला."
तीनच शब्द. आवाजसुद्धा चढवला नव्हता.

मुकादम नवा, साताऱ्याकडचा.
त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणती ही?"

वजन बरोबर नाही.
एवढंच सांगायचं होतं.
माझाही पावशेर रोज जात होता त्या काट्यात.
पण घरी धाकटा तापानं फणफणलेला,
आणि उचल घेतलेली, आणि
नकोत, कारणं नकोत.
मी म्हणाले, "काय की. मला कानडी येत नाही."

तंगेव्वाला मराठी येत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिची जागा मोकळी.
मी भुकटीत गोल काढला, टोपी घातली,
आणि कुणी बघायच्या आत पायानं पुसला.

परवा दवाखान्याच्या रांगेत शेवंता भेटली.
"तंगी? संकेश्वरात मिरच्या विकती की, बाजाराला."
त्यानंतर चार बाजार गेले. मी गेले नाही.
पाचव्याला गुडघ्याला तेल चोळलं आणि निघाले.
बायकांना आता तिकीट फुकट,
पैसे नाहीत हेही म्हणायची सोय उरली नव्हती.
तवंदीच्या घाटात वाटलं, ओळखलं नाही तर?
कणगल्याला वाटलं, ओळखलं तर?
तिच्या पासंगालाही पुरले नव्हते मी,
कुठलं तोंड घेऊन जाणार?
उतरायला उठलेसुद्धा.
कंडक्टर म्हणाला, "बसा की आजी, अजून लांब हाय."
बसले.
माझं धाडस विचाराल तर एवढंच:
बस म्हटल्यावर बसले.

लाल ढिगामागं ती. केस पांढरे, कपाळावर विभूती,
समोर काटा हिरव्या आकड्यांचा.
किलो मागितली. मान वर न करता तिनं तोलली,
आकडा पुरा झाल्यावर वर एक मूठ टाकली.
वाटेत घोकत आले होते, तरी जीभ अडखळली.
"तूक सरी इल्ला."

हात थांबला.
मागचं गिऱ्हाईक पिशवी झटकत उभं,
हिरवा आकडा लुकलुकत राहिला.
मग ती म्हणाली, मराठीत,
"कानडी कधी शिकलीस?"

"तूच..." म्हणाले, आणि ठसका लागला.
मिरचीचा म्हणा.
तिला शिंक आली. मग मला. मग मागच्या गिऱ्हाइकाला.
ती हसली का, ते नाही सांगता येणार,
माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.
पोतं सरकवत म्हणाली, "बस हितं. पिशव्या धर."

दिवस मावळेपर्यंत पिशव्या धरल्या.
ते जुनं काही निघालं नाही;
तिची सून, माझा गुडघा, ब्याडगीचा भाव, असलंच.
निघताना किलोचे पैसे तिनं पुरे घेतले,
दहाची नोट परत दिली, मोजून.

वरची मूठ तेवढी
माझ्या पिशवीतच राहू दिली.