पाणरेषेच्या वर, एक हात

उम्म अल कुवैनच्या खाडीत वारा पडलेला.
पाणी इतकं गप्प
की बगळ्याला स्वतःचे पाय दोनदा दिसत होते.
अशाच वेळी येतो तो, होडेकरचाचा म्हणाले,
वादळातलं पाणी निदान दिसतं.
हे नळीतून येतं. आपण जेवायला गेलो की.

लाँच अबू राशिदची. इंजिन चार सिलिंडरचं.
मी सकाळपासून चावी फिरवत होतो,
वीसदा, पंचवीसदा.
ते खोकायचं, पेटायचं नाही,
आणि खाली समुद्राचा कॉक सताड उघडा.
दर फेऱ्याला पंपाचा रबरी पंखा
एकेक घोट वर ढकलत होता
आणि तो बाहेर फेकायला धूर नव्हता.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
म्हणजे, सांगितलं होतं.
मी तेव्हा फोनवर होतो, देवबागेत
कौलं काढून पत्रा घालायचा की नाही
यावर थोरल्या भावाशी भांडत.

सव्विसाव्या वेळी ठक् झालं.
कोयती दगडावर बसावी तसं.
मग काहीच नाही.

चाचा ओरडले नाहीत, तेच वाईट होतं.
चारही इंजेक्टर काढून फडक्यावर मांडले,
न्हावी वस्तरे मांडतो तसे.
"हातानं फिरव. तोंड बाजूला."
चार भोकांतून चार धारा उसळल्या,
एक थेट छताला लागली.
त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.
"इथलंच," म्हणाले,
"आमच्या दाभोळचं इतकं खारट नसतं."
डिपस्टिक ओढली तर तेलाचा चहा झालेला, दूध जास्त.
ते आम्ही तीनदा बदललं.
तिसऱ्यांदा मध्यरात्र उलटली होती.

मग टॉर्च माझ्या हातात देऊन
त्यांनी ती वाकडी नळी दाखवली.
पाणी आत येतं, इंजिन थंड करतं,
धुराला भेटायच्या आधी उगाच वर चढतं,
पाणरेषेच्या वर एक हात,
आणि वळून परत खाली.
"उगाच नाही," चाचा म्हणाले.
"इंजिन चालू तोवर समुद्र नोकर.
बंद केलंस की ओढ तशीच राहते,
पाण्याला थांबायचं कळत नाही.
म्हणून त्या वळणाच्या माथ्यावर
एक भोक. मुगाच्या दाण्याएवढं.
तिथून हवा आत शिरते
आणि पाण्याची साखळी तुटते."

भोकावरची टोपी त्यांनी काढली.
आत मिठाचा खडा बसला होता,
साबुदाण्यासारखा, नीट, पांढरा.
त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

सकाळी अबू राशिद आला, विचारलं काय झालं.
चाचांनी तळहातावरचा खडा पुढे केला.
तेवढंच. माझी पंचवीस वेळांची चावी
त्यांनी अरबीत आणलीच नाही.
खोटं ते बोलले नाहीत. खडा तिथे होताच.

त्या दिवसापासून मी इंजिनची चावी
कॉकच्या मुठीलाच अडकवतो.
चावी हवी तर खाली वाकावं लागतं,
वाकलं की हात मुठीवर पडतो,
उघडी की बंद, ते बोटांना कळतं.
पेटेपर्यंत बंद. पेटलं की लगेच उघडी,
नाहीतर पंखा कोरडा जळतो.
नवा आलेला बलुची पोरगा हसतो.
हसू दे.

चाचांचा व्हिसा मार्चात संपला.
जाताना घड्याळ नाही, रेडिओ नाही,
टोपीचा जुना रबर दिला, डबीत, पावडर लावून.
दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
मी तो व्हॉल्व्ह गोड्या पाण्यात धुतो
आणि ओठांना लावून फुंकतो.
बाहेरून फुंकलं तर श्वास आत जातो.
आतून फुंकलं तर मिटतो, घट्ट.
दोन्ही बाजूंनी बघायचं, ते सांगून गेलेत.

मग बराच वेळ ओठ खारट राहतात.
त्या शुक्रवारी मी घरी फोन
जेवणानंतर करतो.