खळ

अर्धा किलो मैदा, चिमूटभर मोरचूद
झुरळं लागू नयेत म्हणून.
तेवीस वर्षं मी खळ शिजवतो
महापालिकेच्या मागच्या खोलीत.
बादलीत असते तोवर पिठलंच,
भिंतीला लागली की कायदा.

चैत्रात एक कागद आला.
तात्पुरता ठराव. मुदत दिवस नव्वद.
किरकोळ चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्याला
अटकेआधी समज, कोठडीऐवजी समुपदेशन.
हवालदार शिंत्रे म्हणाले,
"रस्ता खणला की पाटी लावतोस न्हवं, पर्यायी मार्ग?
तसंच. फक्त माणसाला."

म्हणून नीट लावला.
गंगावेशीत कुस्तीच्या पोस्टरवर,
पैलवानाचा कान तेवढा मोकळा ठेवून.
बिंदू चौकात जेलच्या भिंतीला.
उद्यमनगरात एका गाळ्याच्या शटरला,
तिथं पत्रा तापतो, खळ पटकन ओढून घेतो.

त्याच गाळ्यातनं संकपाळांचा तुषार सापडला,
खिशात चार पितळी बुश.
दिवस एकोणनव्वदावा.
त्याला चिठ्ठी मिळाली, सोमवार, अकरा वाजता.
बाईंनी चहा दिला म्हणे, आणि विचारलं,
पितळ विकून काय घेणार होतास?
"मग काय सांगितलंस?"
"काय सुचंनाच, मामा. कुणी इचारलंच न्हवतं कधी."

दोन दिवसांनी, तीच पेटी,
कुरणे मास्तरांचा नातू, बुश दोन.
त्याला गाडीत घातला.

त्याच्या आईनं मला शटरपुढं उभं केलं.
"वाचा की मोठ्यांदा, काय लिवलंय?"
वाचलं.
कागद कोरा करकरीत, शिक्का ठळक.
मुदत तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आणि नेमकी तिथंच
माझ्या ब्रशची खळ ओघळून वाळलेली.

मुदत संपल्याचं पेपरात आलं असंल,
नाव बदललेल्यांच्या आणि
हरवलेल्या खरेदीखतांच्या मधी कुठंतरी.
चिकटवा म्हणून सही होती तिघांची.
खरवडा म्हणून कुणाचीच नाही.

रात्री पटाशी घेऊन गेलो.
मैदा पत्र्यात मुरलेला.
तळाचा कोपरा आधी मोकळा केला,
थुंकी लावून, अंगठ्यानं,
तारीख दिसेस्तोवर.
मग बाकीचा कागद काढायचा
तर हातच चालंना.

बादली घेऊन परत आलो.
खळीला साय धरली होती.