पोचपावती

कचेरीत, आवक-जावकच्या खिडकीत
एकतीस वर्षं शिक्का मारत बसलो.
राष्ट्रीय सन्मानाचे अर्ज त्याच खिडकीतून यायचे,
काही रेशमी फितीत बांधलेले,
काही ज्याचे त्यानेच लिहिलेले, तृतीय पुरुषात:
'त्यांची विनम्रता सर्वश्रुत आहे.'
मी पोच द्यायचो. शाई सगळ्यांना एकच.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात
एक अर्ज मीच भरला.
नाव: ताजबानो.
वय: ती म्हणाली, गाडीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी.
काम: मौत का कुआँ, ग्वाल्हेरचा मेळा,
दिवसाला चौदा खेळ, रविवारी अठरा.
क्षेत्र: कला, क्रीडा की इतर?
इथे पेन थांबलं.

दौलतगंजातले आमचे निंबाळकरबुवा म्हणाले,
अहो, कला म्हणजे गळा. हे पेट्रोल आहे.
(चिंचेचा पाला चघळणाऱ्यांचं आमचं गाव.
इथे पंक्चरवालासुद्धा
षड्ज लागेपर्यंत हवा भरतो.)
मी म्हटलं, बुवा,
तुमची तान चढते, गरगरते, समेवर उतरते.
हिचीही तशीच.
फक्त तुमची सम चुकली तर
पहिल्या रांगेतले लोक घड्याळ बघतात.
बुवा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
मी 'कला'वर खूण केली.

यापूर्वीचे पुरस्कार?
मेळा समितीचा स्टीलचा डबा, झाकण हरवलंय.
खांद्याचं हाड, दोनदा.
आणि नोटा.
वरच्या कठड्यावरून लोक हात खाली सोडतात,
दहाची, विसाची,
आणि ती भिंतीवर आडवी, हँडल सोडून,
पानावरचा किडा उचलावा तशी
चिमटीत उचलते.
पुराव्यांच्या छायाप्रती जोडाव्यात, असं खाली छापलेलं.
नोटेची छायाप्रत काढून द्यायला
झेरॉक्सवाला तयार होईना.

मग चारित्र्य पडताळणीला हवालदार आला.
काही गुन्हा?
एक चलान, ती म्हणाली. हेल्मेट नव्हतं.
कुठे? विहिरीत?
नाही हो, फाटकाबाहेर. दूध आणायला निघाले होते.

अर्ज भोपाळला गेला असेल,
तिथून दिल्लीला.
तिथे समिती असते, समितीला चहा असतो.
त्यापुढचं मला माहीत नाही,
पण नाव वर कसं चढतं ते विहीर बघून कळलं:
वेग असेल तोवर भिंत धरून ठेवते.
काहींना तो वेग
पोस्टरवरूनच मिळालेला असतो.

पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी यादी आली.
एक नट होता, ज्याच्या मरणाला
बाल्कनीत बसून मीही रडलोय.
त्याचा राग नाही.
तो प्रत्येक वेळी पुन्हा उठला, इतकंच.
यादी दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचली.
'त'पाशी जरा थांबलो.

सांगायला मेळ्यात गेलो.
ताजबानो आता तिकिटाच्या खिडकीत,
मी बसायचो तशीच, एका कुशीवर कललेली.
काही विचारलं नाही तिने.
एवढंच म्हणाली, बरं झालं साहेब,
तिथे पायऱ्या फार असतील, माझे गुडघे गेलेत.
आणि तिकिटाचे पैसे घेतले. पूर्ण.

फळ्यांवर चढलो. फळ्या थरथरत होत्या,
की मी, ते समजलं नाही.
आत तिची नात, निलोफर,
सतरा वर्षांची, ओठात केसांची बट,
घिरट्या घेत वर, आणखी वर.
माणसं ओणवी होऊन हात पुढे करत होती.
इतक्या वर्षांत मी कधी केला नव्हता,
बोटांची भीती, दुसरं काय.
त्या दिवशी केला.
खिशातून जे हाती आलं ते धरलं,
डोळे मिटून.
एक वारा गेला. बोटं होती. कागद नव्हता.

खेळ संपल्यावर तिने खाली नोटा मोजल्या,
मध्येच एक पिवळी चिठ्ठी निघाली:
आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का.
उलटसुलट बघितली, वर बघून ओरडली,
'दादू, ये कहाँ चलता है?'

बाहेर ताजबानो
पुढच्या खेळाची तिकिटं फाडत होती.